तनूपच्या कानांचा जाब

माझ्या धाकट्या भावाबद्दल कुणी विचारलं की मी आधी घोटभर पाणी पिऊन घेते. पेकीस त्याचं नाव, धंद्याने कुंभार. पानोपोलिसपासून तासाभराच्या चालीवर नदीकाठी आमचं गाव, गावात घडे भाजायचे तीन आवे, त्यातला मधला आमचा. तो चाकावर घडे काढतो आणि मी भाजलेल्या घड्यांना आतून उकळती राळ फिरवते, म्हणजे मळेवाल्यांचा द्राक्षारस झिरपून जात नाही. नवरा गेल्यापासून मी हेच काम करते. हात पोळतात, केसांना वास येतो, पण राळ उलटून बोलत नाही. उलटून बोलणारा माणूस चाकावर बसलेला असतो.

लहानपणापासून हा असाच. आईने पाणी आण म्हटलं की विचारणार, मीच का, ताई का नाही? ताईने काल आणलं म्हटलं की विचारणार, मग काल जास्तीचं का नाही आणलं? वडील वैतागून म्हणायचे, ह्याला शहरातल्या एखाद्या वकिलाच्या ओटीत घालायला हवा होता. वकिलानेही दोन दिवसांत परत आणून सोडला असता, अशी माझी खात्री आहे.

कामात मात्र त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. आवा उघडला की तो एकेक घडा उचलून बोटाच्या पेराने वाजवून बघतो. बघतात सगळेच. पण शेजारचा कामेस काय करतो, बद्द आवाज आला की चिरेवर चुना चोपडतो, उन्हात वाळवतो आणि चांगल्या घड्यांत खपवतो. आमचा पेकीस तो घडा तिथल्या तिथे फोडतो. खापरांचा ढीग छपराला टेकलाय. मी कितीदा म्हटलं, "अरे, चुना लाव की जरासा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना. मी घडवलाय तो. चुकलं तर जाब मीच द्यायचा."

हे त्याचं एक ठरलेलं होतं. ज्याने घडवलं त्याने जाब द्यायचा. घड्यांपुरतं होतं तोवर मला त्रास नव्हता.

लग्नानंतर सहा वर्षांनी त्याच्या बायकोला, तायेसीला, मुलगी झाली. तनूप. गुटगुटीत, टपोऱ्या डोळ्यांची, सगळ्यांकडे टकामका बघणारी. ती दोन वर्षांची असताना एकदा अंगणात बसून मातीचे गोळे करत होती आणि तिच्या पाठीमागे घड्यांची आख्खी उतरंड कोसळली. वीस-पंचवीस घडे असतील. मी किंचाळले, तायेसी घरातून धावत आली, गाढव दावं तोडून पळालं. तनूप मातीचे गोळे करत राहिली. तिने मानसुद्धा वळवली नाही.

पेकीस तिच्या मागे जाऊन उभा राहिला. एक खापर घेऊन दुसऱ्या खापरावर आपटलं. पुन्हा आपटलं. मग खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

त्यानंतर जे करायचं ते सगळं झालं. हुतात्म्यांच्या समाधीवरचं तेल कानात घातलं, शहरातल्या वैद्याने कसलासा धूर दिला, तायेसीच्या आईने मला न सांगता गळ्यात ताईत बांधला. मुलगी ऐकेना आणि म्हणून बोलेना. बाकी काही कमी नव्हतं तिच्यात. हसायची, रुसायची, माझी नक्कल करायची, राळेच्या कढईपाशी मी कशी नाक आक्रसते ते हुबेहूब करून दाखवायची. मी म्हटलं, चला, देवाने दिलं तसं घ्यायचं. मी म्हटलं आणि तिथेच माझं चुकलं.

"देवाने दिलं?" पेकीस म्हणाला. "म्हणजे देवाने घडवलं?"

पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये उभा राहिला. आमचे धर्मगुरू आपा फिब. तारुण्यात ते नावाडी होते, त्यामुळे त्यांचं प्रवचन अजूनही पलीकडच्या काठाला हाक मारल्यासारखं असतं. त्या दिवशी ते सांगत होते की देवाचा पुत्र देह धरून खाली आला ते आपल्याला वर न्यायला. आपल्यासारख्या माणसांनाही देवाच्या स्वभावात वाटा मिळावा, एवढ्यासाठीच तो मातीच्या अंगाचा झाला. छान सांगत होते. बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात आमचे बंधुराज बोलले.

"आपा, एक विचारू?"

"प्रवचन संपल्यावर."

"संपल्यावर तुम्ही जेवायला जाता. देवाच्या स्वभावात खोट असते का?"

"नसते!"

"आणि मुलं तोच घडवतो ना? मग माझ्या मुलीचे कान बद्द कसे? मी असा घडा दिला तर मळ्याचा कारभारी माझ्या अंगावर फेकेल."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपा फिब लालबुंद झाले, पण माणूस मनाचा चांगला. म्हणाले, "अरे, तू बद्द घडा फोडतोस. देव फोडत नाही. जपतो."

"म्हणजे तोही कामेससारखा चुनाच लावतो!"

कामेस तिथेच होता. पुढचं सांगत नाही. महिनाभर दोन्ही घरांचं येणंजाणं बंद होतं.

असं पाच-सहा वर्षं चाललं. दर रविवारी नवा मुद्दा. तिकडे तायेसीचा जीव वेगळ्याच गोष्टीला लागलेला. आमच्याकडे वाचन-प्रवचन झालं की ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांना बाहेर पाठवतात, दार लावतात आणि मगच भाकर मोडतात. तनूपच्या वयाची सगळी पोरं एकेक करून आतली झाली. हिचा मात्र बापच अडून बसलेला. आधी उत्तर, मग बाप्तिस्मा! दर रविवारी तनूप बाहेर. तिला कारण कुणी सांगणार कसं? बरोबरीची पोरं आत, आई आत, आत्या आत, आणि हिच्या तोंडावर दार. पहिल्यांदा तिने दारावर मुठी आपटल्या. मग मुठी आपटणं सोडून दिलं आणि उंबऱ्यावर बसून राहायला लागली. दार उघडलं की आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची, तिथे काय खाल्लं ते दिसतंय का म्हणून. तायेसी मला म्हणायची, "वन्सं, माझ्या घशाखाली ती भाकर उतरत नाही हो." माझ्या तरी कुठे उतरत होती?

आणि अशातच पेकीसला गुरू सापडला.

शहरात एका कापड-व्यापाऱ्याच्या विधवेच्या घरी हर्मोदोर नावाचा माणूस पुस्तक वाचून दाखवायचा. गाद्या, लोड, चामड्यात बांधलेलं पुस्तक, आठ-दहा निवडक मंडळी. पेकीस तिथे घडे पोचवायला गेला आणि संध्याकाळी परत आला तो चेहऱ्यावर असा उजेड घेऊन, की मला वाटलं उन्हाने भोवळ आली असेल.

"ताई, सापडला!"

"कोण?"

"ज्याने चूक केली तो!"

मग त्याने मला सगळं सांगितलं. मी कढई ढवळत ऐकत होते. सगळ्यात वर म्हणे एक अथांग पिता, ज्याचं नावही घेता येत नाही. त्याच्या सोबतीला त्याची अर्धांगी, तिचं नाव मौन. त्यांच्यापासून जोड्या-जोड्यांनी प्रकाशाचं मोठं घराणं, एकूण तीस जण. त्यातली सगळ्यात धाकटी प्रज्ञा. तिने जोडीदाराला न विचारता एकटीनेच काहीतरी निर्माण करायचा हट्ट धरला आणि वेडंवाकडं पोर जन्माला घातलं. तिने लाजून ते ढगाआड लपवलं. त्या पोराला वरचं काहीच माहीत नाही, ते आंधळं. त्याला वाटलं मीच एकटा देव. आणि त्याने बसल्या बसल्या हे जग घडवलं, आपली शरीरं घडवली.

"तीस जणांची नावं पाठ केलीस?" मी म्हटलं. "तुला सख्ख्या मावशीचं नाव आठवत नाही."

"तू मुद्दा समजून घे. जग घडवणारा तो खरा देव नव्हेच! तो एक अडाणी कारागीर!"

"कारागीर? मग तुझ्याच धंद्यातला निघाला की."

ते त्याने कानाआड केलं. म्हणाला, "खरा पिता वर आहे, निर्मळ. त्याने ह्या चिखलाला हातसुद्धा लावलेला नाही. फक्त त्याच्या प्रकाशाची एक ठिणगी आपल्या आत अडकून पडली आहे. तोच आपला दैवी स्वभाव. बाकी शरीर म्हणजे कोठडी. तनूपचे कान त्या आंधळ्याने बिघडवले. तिच्या आतली ठिणगी साबूत आहे, ताई! तिला काही झालेलं नाही!"

हे शेवटचं बोलताना त्याचा आवाज कापला, म्हणून मी पुढचा टोमणा गिळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला झोप लागली असावी. मी म्हटलं, जाऊ दे, जाईल थोडे दिवस शहरात, उतरेल हळूहळू.

उतरतंय कसलं! वर्षभरात घराचं वाटोळं व्हायची वेळ आली. मसूर खाईना, कारण मसूर त्या आंधळ्याची. कांदा नको, खारी मासळी नको, बिअर नको. तायेसीची पथारी वेगळी झाली. आणखी एक जीव ह्या कोठडीत कोंडायचा नाही म्हणे. ती बिचारी माझ्याकडे येऊन रडायची, आणि मी तिला काय सांगणार, तुझी सवत म्हणजे तीस जणांचं घराणं आहे म्हणून? आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याने घडे वाजवणं बंद केलं.

"वाजवून काय करू? सगळं जगच बद्द आहे."

झालं. मळ्यात भरलेले चाळीस घडे झिरपले. कारभारी गाडीभर ओली खापरं आमच्या दारात ओतून गेला आणि शिव्या मला घातल्या, कारण राळ मी लावते! त्या दिवशी मी पेकीसच्या पुढ्यात उभी राहिले आणि गावाला ऐकू जाईल असं बोलले.

"मुडद्या, वरच्या तीस जणांपैकी एकाला तरी खाली बोलाव आणि हा चिखल उपसायला लाव! तुझा बाप ह्याच चिखलात राबला. तुझी पोर ह्याच चिखलाची आहे. तुला चिखलाची एवढी शिसारी येते तर पोरीला मांडीवर घेऊ नकोस!"

तो पांढराफटक पडला. मग अगदी हळू म्हणाला, "तिच्यासाठीच चाललंय सगळं. हर्मोदोर तिच्या कानात वरची नावं सांगणार आहेत. मुद्रा घेणार आहे ती, त्यांची दीक्षा. तुझ्या चर्चने तिला बाहेर बसवलं, ताई. तिथे ती आत बसेल."

मी म्हटलं, मुलीबरोबर बाईमाणूस हवं, मी येते.

तायेसीने तिला न्हाऊमाखू घातलं, नवा सदरा शिवला. तनूपला वाटलं जत्रा आहे. त्या घरात गाद्यांवर बसलेली मंडळी अगदी सभ्य. हर्मोदोर उठून सामोरा आला. मी त्याला मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या, आणि माणूस निघाला मृदू, उंच, स्वच्छ नखांचा. तनूपशी हसला. तनूप त्याच्याशी हसली. मग तो काहीतरी बोलला आणि ती नुसतीच बघत राहिली. त्याने पेकीसकडे पाहिलं. पेकीसने खाली पाहिलं. तेव्हा मला कळलं, की ह्या मूर्खाने वर्षभरात त्याला मुलगी बहिरी आहे हे सांगितलेलंच नव्हतं. हा कान बिघडवणाऱ्याचं नाव विचारत फिरला आणि कान कुणाचे ते सांगायचं विसरला, की भ्यायला, देव जाणे.

हर्मोदोरने तिच्या मागे जाऊन टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग परत येऊन बसला.

"पेकीस, आमचं सगळं हाकेवर आहे," तो म्हणाला. "वरून हाक येते, आतली ठिणगी ती ओळखते आणि जागी होते. जिच्यापर्यंत हाक पोचतच नाही, तिच्यात जागं होण्यासारखं काही नसतं. माणसं तीन प्रकारची, हे तू शिकलायस. काहींत ठिणगी, काहींत नुसता जीव, आणि काही नुसती माती. ह्यात कुणाचा दोष नाही. ज्याचा त्याचा स्वभाव. तिला प्रेमाने वाढव."

शेवटचं तो खरंच मनापासून म्हणाला, म्हणून मला जास्तच संताप आला. मी तोंड उघडणार तोच पेकीस बोलायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला अडवावंसं वाटलं नाही.

"तुम्ही म्हणालात कान त्या आंधळ्याने बिघडवले."

"हो."

"मग त्याची शिक्षा तिला का? तुमचा वरचा पिता एवढा थोर, तर त्याला कानाशिवाय हाक मारता येत नाही? दुसरं काही येत नाही त्याला? मी गाढवालाही हाताने थोपटून बोलावतो!"

"पेकीस..."

"आणि त्याची अर्धांगी कोण? मौन! सगळ्यात वर मौन! हे तुम्हीच शिकवलंत. माझी पोर जन्मापासून मौनातच राहते आहे, आणि ती माती?"

विधवेने खाऊ म्हणून खजूर पुढे केले, तनूपने दोन्ही मुठी भरून घेतले. पेकीसने तिला पाठीवर घेतलं. नऊ वर्षांची घोडी, चांगली चालती-पळती, पण त्याने तिला तासभराच्या वाटेवर खाली उतरवलं नाही. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "ताई, कुणाची तरी चूक असणारच ना?"

"मला ठाऊक नाही रे बाबा," मी म्हटलं. "पण मुलगी चूक नाही."

"मी कुठे म्हणालो मुलगी चूक आहे?" तो खेकसला. म्हणजे ताळ्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी तो मसूर-भाकर जेवला आणि आव्यातला प्रत्येक घडा वाजवायला बसला. अकरा फोडले. मला तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग मी आणि तायेसी, दोघींनी त्याला धरून आपा फिबांकडे नेला. आपा म्हणाले, "ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने जामीन राहणारा उत्तर देतो. तू बाप आहेस, तू राहा. मला काही अडचण नाही. अडचण तुलाच होती."

"मला आधी एवढंच सांगा..."

"नाही!" आम्ही तिघेही एकदम म्हणालो.

चाळीस दिवसांच्या उपासात रोज धडे. पेकीस तनूपला घेऊन जायचा. बाकीचे शब्द पाठ करायचे, तनूप हातवारे पाठ करायची. पश्चिमेकडे तोंड करून हात पुढे करायचा आणि सैतानाला नाकारायचं, मग पूर्वेकडे वळायचं. ती पश्चिमेला असा काही धक्का मारायची की दुसरे हसायचे. आपा फिब म्हणाले, हसू नका, तुमच्यापैकी कुणीही एवढ्या मनापासून ढकलत नाही. घरी आली की ती मला अंगणात उभी करायची आणि माझ्याकडूनही करून घ्यायची. तिला कळलं होतं, ह्यानंतर दार उघडणार.

आदल्या दिवशी मी पेकीसकडून शपथ घेतली. "विश्वास ठेवतोस का, असे तीन प्रश्न. तीन उत्तरं. ठेवतो, ठेवतो, ठेवतो. ह्यापलीकडे एक अक्षर नाही. आपा फिब थकलेत, पुढच्या वर्षी ह्या कामाला दुसरा आपा असेल, माहीत नाही कसला. आणि ताप तर दर उन्हाळ्यात येतो. गेल्या साली दोन लेकरं गेली. समजतंय का तुला?"

"समजतंय गं. मी काय मूर्ख आहे?"

ह्याचं उत्तर मी दिलं नाही.

उपासाच्या सहाव्या आठवड्यातला शुक्रवार, सकाळ. नदीवरून असं गार वारं की दात वाजावेत. चर्चच्या कुशीला असलेल्या हौदात पहाटेच पाणी भरलेलं. तनूपच्या आधी पाच जण झाले. ती डोळे फाडून बघत होती. आपांचं तोंड हलतं, आत उतरलेल्याचं तोंड हलतं, मग डोकं पाण्याखाली. असं तीनदा. मग पांढरा सदरा, आणि मग ते आतल्या दाराने जातात. सहावी ती. पातळ सदऱ्यात पायऱ्या उतरली, कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. पेकीस तिच्या शेजारी, पाण्यात, जामीन म्हणून. मी काठावर पंचा घेऊन. तायेसी माझ्या मागे, माझा दंड आवळून.

आपा फिबांनी तनूपच्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "सर्वसमर्थ पित्यावर, जो एकच आहे आणि ज्याने सगळं काही घडवलं, त्याच्यावर तू विश्वास ठेवतेस?"

"सगळं?" पेकीस म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले.

"पेकीस, उत्तर दे."

"देतो. पण आपा, मी तिच्या नावाने जबाब देतोय. खोटं बोलता येणार नाही. सगळं म्हणजे कानसुद्धा? एवढंच सांगा. दुसरा कुणी नाही, त्यानेच घडवले ना? मग का असे घडवले? जाब त्याने द्यायचा का नाही?"

"अरे पोरगी गारठली!"

"म्हणूनच लवकर सांगा!"

मागे बारा जण रांगेत कुडकुडत होते. कुणीतरी म्हणालं, कुंभाराला बाहेर काढा. कामेस म्हणाला, ह्याला आधीच बुडवायला हवा होता. तायेसी हुंदके द्यायला लागली. तनूपचे ओठ निळे पडले होते. ती एकदा बापाच्या तोंडाकडे बघायची, एकदा आपांच्या. तोंडं तर कधीची हलत होती. मग बुडवत का नाहीत?

आणि आपा फिब ओरडले. नावाड्याच्या त्या आवाजात, सगळं चर्च दणाणेल असं.

"मला ठाऊक नाही! ऐकलंस? का ते मला ठाऊक नाही! तुझी पोर दर रविवारी उंबऱ्यावर बसते, दार उघडलं की ते मला वेदीवरून दिसतं. मी रोज विचारतो त्याला. मला सांगत नाही तो! त्याने घडवली एवढं ठाऊक आहे. मुठीत धरलीय एवढं ठाऊक आहे. बाकी ठाऊक नाही!"

आपांची दाढी थरथरत होती. पेकीस त्यांच्याकडे बघत राहिला. शहरातल्या त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, तीस जणांची नावं, जगाचा पहिला दिवस. ठाऊक नाही असं त्याला कुणी म्हणालंच नव्हतं. मला वाटलं आता हा शांत होईल. पण कुठला!

"ठाऊक नाही, मग..." त्याने सुरू केलंच.

तनूपने हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला. आख्खा तळवा, ओला, गच्च. बस, म्हणून.

तो थांबला. आपा फिबांनी तेवढ्यात साधून घेतलं, घाईघाईने पुन्हा विचारलं, एका दमात. पेकीसचे डोळे भरून आले. तिचा हात त्याने काढला नाही. त्या हाताखालूनच म्हणाला, "ठेवतो."

तनूपने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तळव्याकडे बघितलं, त्या शब्दाची थरथर अजून तिथे आहे का म्हणून. बापाच्या तोंडाकडे बघितलं. तोवर आपांनी तिचं डोकं पाण्याखाली नेलं होतं. वर आली ती पाणी झटकत, आणि डोळे पुसायच्याही आधी तिचा हात परत त्याच्या तोंडावर. आपा पुत्राविषयी विचारत होते, जो आपल्यासारखाच मातीच्या अंगाचा झाला, त्याच्याविषयी. ती प्रश्न संपायची वाट बघत होती. बापाच्या डोळ्यांत बघत, श्वास रोखून.

"ठेवतो," तो म्हणाला, आणि तिचं सगळं तोंड हसलं. ती स्वतःच पाण्याखाली गेली. आपांना हात लावायलाही वेळ मिळाला नाही.

तिसऱ्यांदा आपांनी विचारलं तेव्हा त्यांचाच आवाज नीट निघत नव्हता. आणि पेकीसचा तर निघेचना. रडत होता नुसता, सगळ्या जगाला उलट उत्तरं देणारा माझा भाऊ. तनूप त्याच्या ओठांवर हात धरून उभी. हाताला काही लागेना. तिने जरा वाट पाहिली, मग बोटांनी त्याच्या ओठांवर दोनदा थापटलं आणि पुन्हा तळवा ठेवला.

माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी काठावरून ओरडले, "अरे बोल की मेल्या, पोरगी थांबलीये!"